घटस्फोटाचा हुकूमनामा : मेहेरबानी नव्हे, हक्क

सप्टेंबर २०२५ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी सुरू झाली. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्या, असे फॉर्म म्हणत होता. ज्या बाईला नवरा नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचे? ओरड झाल्यावर सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पती किंवा वडिलांचा मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश यांची सत्यप्रत अंगणवाडी सेविकेकडे द्या, असे सांगितले. मंत्रालयात प्रश्न सुटला. माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर, पिलीव या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांवर मात्र तो तेव्हाच सुरू झाला.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत आहे. घटस्फोटाचा दाखला कुठे मिळतो? बाईला माहीत नाही. ग्रामसेवक म्हणतो, आमच्याकडे नाही. सेतूवाला म्हणतो, वकिलाला विचारा. आणि ज्यांनी सांगायला हवे, ते आपले कार्यकर्ते म्हणतात, ताई, बघतो. संविधानाची उद्देशिका तोंडपाठ असलेल्या आपल्या तरुणांना एका बाईला तिच्याच घटस्फोटाचा कागद कुठल्या खिडकीवर मिळेल हे सांगता येत नसेल, तर आपल्या प्रबोधनात कुठेतरी मोठी पोकळी आहे. या लेखात आम्ही त्या पोकळीबद्दल बोलणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घटस्फोटाचा कागद ही वकिलाची, बाबूची किंवा नवऱ्याची मेहेरबानी नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि त्याची एक प्रत फुकट मिळाली पाहिजे असे खुद्द कायदाच सांगतो. हा हक्क बाईच्या हातात पडत नाही याला जशी कचेरी जबाबदार आहे, तशीच आपली समाजाची बैठकही जबाबदार आहे.

'दाखला' नावाची वस्तूच नाही

आधी एक गैरसमज दूर करू. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद ठेवणारी कार्यालये आपल्याकडे आहेत. घटस्फोटाची नोंद ठेवणारे आणि त्याचा दाखला देणारे कार्यालय नाही. ना ग्रामपंचायत, ना नगरपंचायत, ना तहसील. घटस्फोट न्यायालय देते आणि त्याचा पुरावा म्हणजे त्या न्यायालयाचा हुकूमनामा. बोलीत आपण ज्याला 'डिक्री' म्हणतो तो हाच. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात चालतो, तालुक्याच्या ठिकाणी तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतो. ज्या न्यायालयाने निकाल दिला, तिथलाच नक्कल विभाग प्रत देतो. नवरा पुण्यात अर्ज करून मोकळा झाला असेल, तर प्रत पुण्यात मिळणार, माळशिरसला नाही.

दुसरा गैरसमज त्याहून महाग पडतो. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. न्यायनिर्णयात सगळी हकिगत असते : कोणी काय आरोप केले, साक्षीत काय आले, न्यायाधीशांना काय पटले. हुकूमनामा छोटा असतो. पक्षकारांची नावे, अर्जाचा क्रमांक, तारीख आणि 'विवाह विच्छेदित करण्यात येत आहे' हा आदेश. योजनेला, रेशनकार्डाला, पासपोर्टला, दुसऱ्या लग्नाला बहुतेक वेळा एवढा छोटा कागद पुरतो. हा फरक कळला नाही की बाई आपल्या आयुष्याची वीस पानांची कहाणी झेरॉक्स करून गावभर वाटत फिरते. याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

कायदा नेमके काय म्हणतो

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २३, पोटकलम ४. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाह विच्छेदित झाला असेल, तर तो हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यावी, असे त्यात म्हटले आहे. 'मागितली तर' असे नाही, 'वकील आणला तर' असेही नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. विशेष विवाह कायदा १९५४ मध्येही, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्या जोडप्यांसाठीही, अशीच तरतूद आहे. पन्नास वर्षे होत आली. आमच्याकडे आलेल्या बायांपैकी ज्यांचा घटस्फोट रीतसर कोर्टातून झाला, त्यांच्यातल्या एकीलाही हे कलम कोणी सांगितले नव्हते.

दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २० नुसार न्यायनिर्णयानंतर पंधरा दिवसांच्या आत हुकूमनामा तयार व्हायला हवा. त्याच आदेशाप्रमाणे पक्षकाराने अर्ज केला की न्यायनिर्णयाची आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत त्याच्या खर्चाने द्यावी लागते. म्हणजे पहिली प्रत फुकट, आणि पुढे कितीही वर्षांनी आणखी प्रती हव्या असतील तर ठरलेली फी भरून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळण्याचा हक्क कायम आहे.

इथे माहिती अधिकारवाल्या मित्रांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. न्यायालयातील कागदासाठी माहितीचा अर्ज टाकून महिना घालवू नका. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की न्यायालयीन फाइलची प्रत न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायची, माहिती अधिकाराने नाही. शस्त्र चांगले आहे, पण या कुलपाला ती किल्ली लागत नाही.

कागद कसा हरवतो

हक्क एवढा सरळ असेल तर अडते कुठे? कोण्या एका कार्यालयावर बोट न ठेवता आम्ही एक अनुभव सांगतो, कारण तो अनेकींचा आहे.

आमच्याकडे आलेल्या एका ताईचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला होता, बारा वर्षांपूर्वी. तिच्याजवळ कोर्टाचा एकही कागद नव्हता. प्रती वकिलांकडे होत्या, आणि वकील वारले होते. खिडकीवर विचारले तर उत्तर मिळाले, केस नंबर आणा. केस नंबर ज्या कागदावर असतो तोच कागद ती मागत होती! ई-कोर्ट्स सेवेच्या ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, तो घेतला. तिच्या नावाने काहीच निघाले नाही. मग लक्षात आले की आधारवर तिचे माहेरचे नाव आहे आणि अर्जात सासरी लग्नात बदललेले नाव. आपल्याकडे मुलीचे आडनावच काय, पाळण्यातले नावही लग्नात पुसतात, आणि मग ती नोंदीतून स्वतःलाच सापडत नाही. नवऱ्याच्या नावाने शोधल्यावर प्रकरण निघाले. पण निकाली फाइल तोवर अभिलेख कक्षात गेली होती. ती शोधायला वेळ, प्रत काढायला वेळ, 'पुढच्या सोमवारी या' हे दोनदा. चार फेऱ्यांत चार दिवसांचा रोज बुडाला. प्रतीची फी त्या मानाने चहापाण्याइतकी होती.

या हकिगतीत कोणी खलनायक नाही. लाच कोणी मागितली नाही, शिवी कोणी दिली नाही. नक्कल विभागातली माणसे कामाच्या ढिगाखाली दबलेली आहेत, आणि त्यांतली काही आपल्याच घरांतून शिकून तिथे पोचलेली आहेत, हेही आम्हाला माहीत आहे. पण निकालाच्या दिवशीच कलम २३(४) प्रमाणे ती प्रत तिच्या हातात देऊन पोच घेतली असती, तर ही बारा वर्षांनंतरची वणवण झालीच नसती. हक्क कायद्यात आहे आणि तो पोचवण्याची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नाही. म्हणून तो मरतो.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात अर्ज करतो, नोटीस चुकीच्या पत्त्यावर जाते, एकतर्फी घटस्फोट होतो. बाईला कळते तेव्हा नवऱ्याचे दुसरे लग्न झालेले असते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्जाची मुदत फक्त तीस दिवस आहे. नोटीस नीट बजावली गेली नसेल तर ती कळल्याच्या तारखेपासून मोजतात. अशा वेळी प्रत लवकर हातात येणे म्हणजे लढाईला उभे राहता येणे. अपिलासाठी कायद्याने नव्वद दिवस दिले आहेत, आणि प्रत मिळवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण केव्हा? नकलेचा अर्ज रीतसर टाकला असेल तरच. म्हणून कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. चर्चा नंतर करा.

बैठकीची सोडचिठ्ठी

आता आपल्या घरात पाहू. न्यायालयाकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात.

आपल्या वस्त्यांमधले बहुतेक घटस्फोट कोर्टापर्यंत जातच नाहीत. समाजाची बैठक बसते. दोन्हीकडचे पाच-पाच जाणते, एखादा माजी सरपंच, पक्षाचा एखादा पदाधिकारी. रात्री उशिरापर्यंत चर्चा, मग स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, साक्षीदारांचे अंगठे, नोटरीचा शिक्का. 'झाली सोडचिठ्ठी, आता तुम्ही मोकळे.' खरेच मोकळे? योजनेच्या खिडकीवर तो कागद चालत नाही. पासपोर्टला चालत नाही. नवरा सरकारी नोकरीत असेल तर पेन्शनच्या वेळी चालत नाही. नोटरीच्या शिक्क्याने विवाह विच्छेदित होत नाही. केंद्र सरकारच्या विधी व्यवहार विभागाने २०२४ मध्ये नोटरींना बजावलेही आहे की विवाह आणि घटस्फोटाचे दस्त करणे हे त्यांचे काम नाही. तरी धंदा चालू आहे.

त्या कागदावर विसंबून कोणी दुसरे लग्न केले, तर कायद्याच्या नजरेत पहिले लग्न जिवंतच असते. दुसरे लग्न शून्य ठरते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही होऊ शकतो. शिक्षा कोणाला होते? बहुतेक वेळा त्या दुसऱ्या बाईला, जिला वीस वर्षे संसार करून शेवटी 'तू कायदेशीर पत्नी नाहीस' हे ऐकावे लागते.

काही जाणते म्हणतील, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य आहे. बरोबर, मान्य आहे. पण ती रूढी आपल्या जातीत पूर्वापार, अखंड चालत आली आहे हे पक्षकाराने न्यायालयात मांडावे आणि सिद्ध करावे लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. आणि त्याहून मोठा प्रश्न आम्हाला विचारायचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण जातीची रूढी नाकारली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग बाईला सोडायची वेळ आली की आपल्याला जातीची रूढी कशी आठवते? कोर्टात 'आमच्या जातीत अशी चाल आहे' असे शपथेवर सांगणारा बौद्ध कोणत्या तोंडाने जयंतीच्या मंचावर जातिअंताचे भाषण करतो?

रूढीला सरसकट शिव्या घालण्याची आमची इच्छा नाही. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनीच दाखवून दिले होते की बहुसंख्य शूद्र जातींमध्ये घटस्फोटाची चाल आधीपासून आहे, आणि विरोध करणारे वरच्या जातींची रीत सगळ्या हिंदूंवर लादत आहेत. काडीमोड आपल्याकडे होतीच. पण त्या काडीमोडीने बाईला काय दिले? मोकळीक दिली, नोंद दिली नाही. पोटगी दिली नाही. मुलांचा ताबा, घरातला वाटा, स्त्रीधन यांचा शब्द नाही. म्हणून सुधारकांनी या गोष्टीला कायद्याचे रूप दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीचा कायदा केला, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये तो आला. बाबासाहेबांना तोच हक्क साऱ्या देशातल्या स्त्रियांना द्यायचा होता. कोड बिल रखडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, त्यात हे एक ठळक होते. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी खुर्ची सोडली, तो आपण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मोडीत काढतो आहोत.

'हिंदू' विवाह अर्ज आणि आपली अस्मिता

इथे तरुण मित्र एक प्रश्न विचारतात आणि तो खरा आहे. आम्ही बौद्ध, मग आमच्या घटस्फोटाच्या कागदावर 'हिंदू विवाह अर्ज' का? कारण कायद्याच्या कलम २ ने बौद्ध, जैन आणि शीख यांनाही त्याच छत्राखाली घेतले आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी महाराष्ट्रात अनेक वर्षे होत आहे आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. पण ती मागणी पूर्ण होईपर्यंत बाईने उपाशी राहावे, असा तिचा अर्थ होत नाही.

आम्ही असेही भाऊ पाहिले आहेत, जे 'हिंदू कायद्याखाली अर्ज करणे म्हणजे धम्माशी गद्दारी' असे बायकोला ऐकवतात, आणि खरे कारण असते पोटगी टाळणे. ज्यांना तत्त्वाची एवढी चाड आहे, त्यांनी लग्नच विशेष विवाह कायद्याने करावे. तो कागद तर धर्म विचारत नाही. लग्न करताना पत्रिका, हळद, मानपान सगळे चालते, आणि घटस्फोटाच्या वेळी तेवढा बौद्ध धम्म आठवतो, हा ढोंगीपणा आता उघड बोलला पाहिजे.

बाईची बदनामी सरकारी खर्चाने

आता त्या वीस पानांकडे येऊ. हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ सांगते की विवाहविषयक खटले बंद दालनात चालावेत आणि त्यांतला मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे बेकायदेशीर आहे. त्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. का? कारण त्या कागदात क्रौर्याचे, व्यभिचाराचे, आजाराचे, वंध्यत्वाचे आरोप असतात, खरे आणि खोटेही. कायदा म्हणतो, हे चार भिंतींत राहू द्या. आणि दुसरीकडे सरकारी योजना म्हणते, न्यायालयाचा आदेश गावातल्या खिडकीवर आणून द्या. अंगणवाडी सेविकेचा यात दोष नाही, तीही आपल्यासारखीच राबणारी बाई आहे. पण ती त्याच आळीतली असते, कधी सासरच्या भावकीतली असते. वीस पाने तिच्या टेबलावरून किती हातांत फिरतील?

अमेरिकेत घटस्फोटाचा संपूर्ण हुकूमनामा काउंटीच्या न्यायालयाच्या लिपिकाकडे मिळतो. त्याच देशात काही राज्यांत नावे, तारीख आणि ठिकाण एवढाच मजकूर असलेला छोटा दाखला वेगळा मिळतो. रोजच्या कामाला तो पुरतो, आणि कोणाच्या संसाराची लक्तरे वेशीवर टांगली जात नाहीत. आपल्याकडे असा एक पानाचा मराठी दाखला न्यायालयाच्या शिक्क्याने देणे अवघड का असावे? १९९८ पासून राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. नमुना एका पानाचा. इच्छा मात्र हवी.

तोवर आपल्याला एवढे करता येते : योजनेसाठी फक्त हुकूमनाम्याची प्रत द्या, न्यायनिर्णयाची नाही. कोणी 'पूर्ण जजमेंट आणा' म्हणाले, तर कोणत्या नियमाने, हे लेखी मागा.

ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही

सर्वांत मोठा गट या चर्चेच्या बाहेर आहे. टाकलेल्या बायका. नवऱ्याने घराबाहेर काढले, ना घटस्फोट, ना पोटगी, ना बैठक. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांपेक्षा विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळपास तिप्पट होती. संगमनेरमध्ये १९८० च्या दशकात परित्यक्तांचे आंदोलन उभे राहिले, त्यामुळे हा शब्द सरकारी कागदात आला. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेतही 'परित्यक्ता' आहे. मग जिला हाकलून दिले आहे, तिच्याकडून घटस्फोटाचा हुकूम मागणे म्हणजे जिच्या घराला आग लागली तिच्याकडून घरपट्टीची पावती मागणे होय. अशा बायांसाठी तलाठी, ग्रामसेवक आणि स्थानिक चौकशीवर आधारित दाखला सर्व योजनांना एकसारखा चालला पाहिजे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रीला दरमहा १५०० रुपये मिळतात, उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. एवढी कोंडलेली अट पार करून आलेल्या बाईला पुन्हा कागदाच्या नावाखाली परत पाठवणे हा अन्याय आहे.

मग करायचे काय

आपल्या पूर्वजांच्या वतनी कामांत सरकारी टपाल आणि हुकूम एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणे हेही एक काम होते. ऊन-पावसात कागद आपण वाहिला, आणि त्यात काय लिहिले आहे हे कुलकर्ण्याच्या दफ्तरात राहिले. बाबासाहेबांनी आपल्याला तो कागद वाचायला शिकवले. आता दफ्तर उघडून घेण्याची पाळी आहे, आणि तेही आपल्यातल्या सर्वांत मागे ढकललेल्या माणसासाठी. म्हणून आम्ही काही ठोस गोष्टी सुचवतो.

एक. प्रत्येक बुद्धविहारात दर रविवारी वंदनेनंतर तासभर कागदपत्र मदत केंद्र. एक वही, एक मोबाइल, दोन तरुण. ई-कोर्ट्सवर प्रकरण शोधायचे, सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, अर्जाचा क्रमांक, निकालाची तारीख वहीत उतरवायची. शोधताना माहेरचे, सासरचे आणि नवऱ्याचे अशी तिन्ही नावे टाकून पाहायची. फार जुने प्रकरण ॲपवर नसेल तर साल सांगून न्यायालयाच्या नोंदवहीत शोधण्याचा अर्ज द्यायचा.

दोन. नकलेचा अर्ज बाईच्या स्वतःच्या सहीने. ती पक्षकार आहे, तिला कोणाची परवानगी लागत नाही. पक्षकार नसलेल्याला कारण सांगून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते, म्हणून कार्यकर्त्याने स्वतःच्या नावाने अर्ज टाकू नये. निकाल नुकताच झाला असेल तर अर्जात कलम २३(४) चा स्पष्ट उल्लेख करून मोफत प्रत मागावी. प्रत मिळाली की तिच्या झेरॉक्स काढाव्यात आणि मूळ प्रत बाईकडेच राहावी. वकिलाकडे नाही, भावाकडे नाही, आपल्याकडेही नाही.

तीन. तालुका विधी सेवा समितीचा वापर. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही अनुसूचित जातीच्या सवलतींत येतात. मदतीचा क्रमांक १५१००. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचार यांबाबत दावा दाखल करणाऱ्या स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. बैठकीच्या सोडचिठ्ठीवर दिवस काढणाऱ्या बाईला आता तरी रीतसर परस्परसंमतीचा अर्ज करता येतो. आणि अर्ज करणारी बाई ती स्वतः राहते तिथल्या न्यायालयात तो करू शकते. नवऱ्याच्या गावाला खेटे घालण्याची गरज नाही.

चार. समाजाच्या बैठका बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. भांडण मिटवायला, मुलांचा विचार करायला बैठक जरूर बसवा. पण बैठकीचा शेवट स्टॅम्प पेपरवर नको, विधी सेवा समितीच्या दारात व्हावा. ज्या पंचाने सोडचिठ्ठीवर सही केली, त्यानेच त्या बाईला कोर्टात नेऊन हुकूमनामा मिळवून द्यावा, अशी अट घाला. बघा किती पंच उरतात.

पाच. मागण्या लेखी करा. निकालाच्या दिवशीच मोफत प्रत देऊन पोच घेण्याची पद्धत, एक पानाचा मराठी दाखला, आणि परित्यक्तांसाठी सर्व योजनांना चालणारा एकच चौकशी दाखला. माळशिरस विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवरून निवडून गेलेल्या प्रतिनिधीने विधानसभेत हा प्रश्न विचारला नाही, तर ती जागा राखीव कोणासाठी आहे?

कोणी म्हणेल, एवढे मोठे प्रश्न आहेत, खासगीकरण आहे, आरक्षणावर हल्ला आहे, आणि तुम्ही घटस्फोटाची नक्कल घेऊन बसलात. आमचे उत्तर असे, की हक्क मोठ्या सभांत जाहीर होतो आणि छोट्या खिडकीवर मिळतो किंवा मारला जातो. ज्या खिडकीवर आपली बहीण एकटी उभी आहे, तिथे चळवळ नसेल तर ती मैदानावर असून उपयोग नाही.

दर वर्षी २५ डिसेंबरला आपण मनुस्मृती दहनाचा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो. यंदा भाषणे निम्मी करा. उरलेल्या वेळात मंडपात चार टेबले मांडा आणि प्रत्येक टेबलावर नकलेचे कोरे अर्ज ठेवा. मनूने बाईला स्वातंत्र्य नाकारले होते, संविधानाने ते दिले. त्या स्वातंत्र्याचा शिक्का मारलेला कागद तिच्या हातात पोचवणे, एवढे काम आपल्यासाठी उरले आहे.

जय भीम!